कॉकपिटात वास आला आणि कॅप्टन म्हणाले, ‘नेहमीचंच आहे’

वाचकाचा प्रश्न (ओळख पटेल असे तपशील वगळून) :

मूळच्या सोलापूरच्या आणि सध्या दुसऱ्या शहरात नेमणूक असलेल्या एका फर्स्ट ऑफिसरचं (सहवैमानिकाचं) हे पत्र आहे. त्या एअरबस ए३२० हे प्रवासी विमान उडवतात. गेल्या महिन्यात विमान खाली यायला लागलं आणि थ्रस्ट (इंजिनाचा जोर) आयडलला, म्हणजे किमान पातळीवर आला, तेव्हा कॉकपिटात ओल्या मोज्यांसारखा कुबट वास सुटला. कॅप्टन म्हणाले, “हे विमान असंच आहे, नेहमीचंच आहे.” तीन-चार मिनिटांत वास गेला. दोघांपैकी कुणी ऑक्सिजन मास्क घातला नाही, टेक लॉगमध्येही (विमानातल्या बिघाडांच्या नोंदवहीत) काही लिहिलं गेलं नाही. उतरल्यावर यांचं डोकं जड झालं, मळमळलं. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. सुट्टीत घरी आल्यावर हे सांगितलं, तेव्हा वडील म्हणाले, “प्रशिक्षणाचं कर्ज फिटायचंय अजून, उगाच नाव पुढं करू नको.” आईला आता ही नोकरीच नको वाटते. त्या विचारतात : “वास कसला ते ओळखता आलं नाही, मग मास्क कशाच्या जोरावर घालणार होते? वास तर निघूनही गेला. इतक्या दिवसांनी लिहिलं तर कॅप्टनविरुद्ध तक्रार केल्यासारखं होईल ना? आणि पुढच्या रोस्टरमध्ये परत त्यांच्याचबरोबर उड्डाण आहे.”

उत्तर :

तुमच्या पहिल्याच प्रश्नात एक गृहीतक आहे. ते एकट्या तुमचं नाही, भरपूर तास उडवलेल्यांच्या मनातही ते असतं. वास कसला ते आधी कळलं पाहिजे आणि मगच मास्क घालायचा, असं तुम्ही धरून चालला आहात. क्रम याच्या उलट आहे. मास्क घातलेला असला की शोध घेण्यासाठी डोकं शाबूत राहतं. समजा, मास्क घातलात आणि पाच मिनिटांनी कळलं की गॅलीतल्या ओव्हनमध्ये काहीतरी करपलं होतं. तर थोडा ऑक्सिजन खर्च झाला आणि एक नोंद वाढली, एवढंच. पण मास्क न घालता बसलात आणि हवेत कार्बन मोनॉक्साइड असला, तर तो ओळखण्याच्या आधीच तुमची विचारशक्ती मंदावलेली असते. त्या वायूला स्वतःचा वास नसतो. म्हणजे नाकाला जे कळतं, त्याच्यासोबत नाकाला न कळणारं काहीतरी येत असू शकतं.

अनुभवी नाकसुद्धा फसतं, हे स्विसएअर १११ च्या तपासातून साऱ्या जगाला कळलं. २ सप्टेंबर १९९८ च्या रात्री न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेल्या त्या एमडी-११ विमानाच्या कॉकपिटात वेगळा वास आला. वैमानिकांना तो एअर कंडिशनिंगचा वाटला. प्रत्यक्षात छतावरच्या पोकळीत वायरिंगजवळ आग लागली होती आणि तिथलं इन्सुलेशनचं आवरण पेटत चाललं होतं. पहिल्या वासापासून विमान समुद्रात कोसळेपर्यंत सुमारे २१ मिनिटं गेली. २२९ जण गेले. कॅनडाच्या तपास मंडळानं हेही लिहून ठेवलं आहे की वैमानिकांनी तत्क्षणी जवळच्या हॅलिफॅक्स विमानतळाची वाट धरली असती, तरी आग ज्या वेगानं वाढली ते पाहता सुखरूप उतरणं शक्य नव्हतं. त्यामुळे त्यांना दोष देण्यासाठी हे उदाहरण मी देत नाही. वासावरून उगम ठरवायला गेलं की भली माणसं चुकतात आणि हाताशी वेळ किती आहे हे सुरुवातीला कुणालाच ठाऊक नसतं, एवढ्या दोनच गोष्टी त्यातून घ्यायच्या.

आता तुमच्या विमानाकडे येऊ. तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टी अभियंत्यासाठी फार मोलाच्या आहेत. एक म्हणजे ओल्या मोज्यांसारखा वास, आणि दुसरी, थ्रस्ट आयडलला येण्याची वेळ.

बहुतेक जेट विमानांत आपण जी हवा श्वासात घेतो, ती इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून काढलेली ब्लीड एअर असते. (बोईंग ७८७ हा अपवाद, तिथं वेगळे विद्युत कॉम्प्रेसर आहेत.) ही हवा पॅकमध्ये (वातानुकूलन यंत्रात) थंड होते आणि पुढं मिक्सरमध्ये जाते. ‘हेपा फिल्टर आहे की’ असं पुष्कळ जण म्हणतात. पण तो फिल्टर केबिनमध्ये परत फिरणाऱ्या हवेच्या वाटेवर असतो, इंजिनाकडून येणारी ताजी हवा त्यातून जातच नाही. शिवाय हेपा कण अडवतो, वायू आणि वाफ अडवत नाही.

इंजिनाच्या बेअरिंगभोवतीचं तेल जागच्या जागी ठेवायला जी सील्स असतात, ती हवेच्या दाबाच्या आधारानं काम करतात. थ्रस्ट एकदम कमी-जास्त झाला की दाबाचा तो समतोल काही क्षण ढळतो. सील झिजलेलं असेल तर तेवढ्यात थोडं तेल कॉम्प्रेसरच्या हवेत उतरतं, तिथल्या उष्णतेनं त्याची वाफ होते आणि ती थेट तुमच्यापर्यंत येते. त्यात आणखी एक गोष्ट घडते. इंजिन आयडलला असताना नेहमीच्या टप्प्यावरचा दाब पुरत नाही, म्हणून ब्लीड एअर ही कॉम्प्रेसरच्या नंतरच्या, जास्त दाबाच्या टप्प्यावरून घेतली जाते. म्हणजे हवेचा स्रोतच बदलतो. म्हणून असे वास स्टार्टनंतर, टेक-ऑफला आणि उतरायला सुरुवात करताना जास्त येतात, समतल उड्डाणात त्या मानानं कमी. तेलाची टाकी गरजेपेक्षा जास्त भरली गेली तरी हेच होतं. एपीयू (शेपटातलं छोटं सहायक इंजिन) चालू असेल तर तिकडेही पाहावं लागतं. तिची हवा शेपटाकडच्या भागातून घेतली जाते आणि विमानाच्या पोटावरून ओघळत गेलेलं हायड्रॉलिक द्रव ती आत ओढू शकते.

‘हे विमान असंच आहे’ याचा तांत्रिक अर्थ असाही होऊ शकतो की एखादं सील गळतंय, पुष्कळांना ते जाणवलंय आणि कुणीच लिहिलेलं नाही.

इतर वासांबद्दल थोडक्यात सांगते, कारण हे सदर केबिन क्रूही वाचतात. प्लास्टिक किंवा वायर जळल्यासारखा, कधी चक्क मासळीसारखा वास आला, तर तापलेली विद्युत जोडणी, विंडशील्डच्या हीटरचं कनेक्शन किंवा बेअरिंग गेलेला एखादा पंखा यांचा संशय घ्यावा. डोळ्यांना झोंबणारा उग्र, आंबूस वास हायड्रॉलिक द्रवाचा असू शकतो. जळकी पिसं किंवा भाजलेल्या मांसासारखा वास म्हणजे इंजिनात पक्षी गेला असण्याची शक्यता. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास आला, तर स्वतःचा टॅब्लेट, फोन आणि पॉवर बँक आधी बघा, फुगलेली किंवा तापलेली लिथियम बॅटरी तसा वास सोडते. टॅक्सीवेवर दुसऱ्या विमानामागं उभं असताना त्याच्या धुराचा वास येतो. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावर उतरताना गाळपाच्या हंगामात कारखान्याचा किंवा रानातल्या पाचटाचा धूर इंजिनावाटे आत येऊ शकतो. असा बाहेरचा वास जागा बदलली की विरतो. पण ही सगळी माहिती नोंद लिहिताना उपयोगी पडावी म्हणून आहे. हवेत असताना ‘हा पाचटाचा असेल’ म्हणून मास्क बाजूला ठेवायला ती कामाची नाही.

‘वास तर निघूनही गेला,’ असं तुम्ही लिहिलंय. आपल्याकडे साखर कारखान्याच्या शेजारी राहणाऱ्याला मळीचा वास येईनासा होतो, पाहुणा मात्र एसटीतून उतरताक्षणी नाकाला रुमाल लावतो. कॉकपिटात हेच काही मिनिटांत घडतं. नाक त्या वासाला सरावतं आणि हवा होती तशीच असू शकते. म्हणून वास गेला हा मास्क काढण्याचा आधार होऊ शकत नाही. ‘बघू, अजून येतोय का’ म्हणून मास्क मध्येच उचलून हुंगणं तर अजिबात नको. केबिनमध्ये कुणाला काही आलं नाही, यावरूनही निष्कर्ष काढू नका. बोईंग ७३७ मध्ये डाव्या इंजिनाची हवा मुख्यतः कॉकपिटला जाते. २० डिसेंबर २०२३ ला अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सहून उडालेल्या ७३७ मॅक्सच्या डाव्या इंजिनावर पक्षी आदळला आणि दाट, झोंबणारा धूर नेमका कॉकपिटात भरला. समोरची उपकरणं दिसणं अवघड झालं, तरी विमान सुखरूप उतरलं.

आता प्रत्यक्ष करायचं काय ते सांगते. अंतिम शब्द अर्थातच तुमच्या कंपनीच्या क्यूआरएचचा (आपत्कालीन चेकलिस्टच्या पुस्तिकेचा).

वास जाणवताच मोठ्यानं बोला. “सर, मला वास येतोय, मी मास्क घालतेय.” हे वाक्य परवानगी मागणारं नाही, माहिती देणारं आहे. स्वतःचा मास्क घालायला फर्स्ट ऑफिसरला कुणाची संमती लागत नाही. मास्क एका हातानं, ५ सेकंदांत घालता येईल असाच बनवलेला असतो. रेग्युलेटर १०० टक्क्यांवर आहे ना, ते हातानं चाचपून बघा. इथं पुष्कळ जण चुकतात. नॉर्मलवर ठेवलेला मास्क कॉकपिटातली हवा ऑक्सिजनमध्ये मिसळतो, म्हणजे जे टाळायचं तेच नळीतून आत येतं. डोळे चुरचुरत असतील किंवा धूर दिसत असेल तर इमर्जन्सीवर न्या, आतला दाब वाढतो आणि कडेनं धूर शिरत नाही. त्यानंतर मास्कचा माइक चालू करा आणि कॅप्टनशी एक वाक्य बोलून ते ऐकू येतंय याची खात्री करा. मास्कमध्ये श्वासाचा आवाज मोठा येतो, त्यामुळे श्वास सोडून झाल्यावर तुटक, छोटी वाक्यं बोलायची सवय लावून घ्या.

विमान कोण उडवतंय, हे याच वेळी स्पष्ट बोलून ठरवा. एकानं उडवायचं आणि रेडिओ सांभाळायचा, दुसऱ्यानं चेकलिस्ट वाचायची. केबिनच्या मुख्य क्रूला इंटरकॉमवर विचारा : तिकडं वास आहे का, कुठल्या रांगेत, धूर दिसतोय का, कुणाला त्रास होतोय का. प्रवाशांच्या डोक्यावरचे मास्क अशा वेळी सोडायचे नसतात. त्यांत केबिनची हवा मिसळते, त्यामुळे धुरापासून संरक्षण होत नाही. केबिन क्रूसाठी स्मोक हूड असतात.

उतरायचं कुठं, हा विचार उगमाच्या शोधाच्या बरोबरीनं सुरू व्हायला हवा. उगम सापडेपर्यंत वळायचं थांबलात तर विमान तेवढ्या वेळात जवळच्या धावपट्टीपासून लांब जात राहतं. तुम्ही तर उतरतच होता, म्हणजे तुमच्यासाठी हा निर्णय सोपा होता : मास्क लावून अॅप्रोच पूर्ण करायचा, एटीसीला कळवायचं, आणि उतरल्यावर दारं उघडून हवा खेळती झाली की मास्क काढायचा. ऑक्सिजन संपेल ही भीती उतरण्याच्या टप्प्यावर नको. धुरापासून संरक्षणासाठी किमान १५ मिनिटांचा पुरवठा असावा, अशी प्रमाणनाची अट आहे. लांब अंतर बाकी असेल तर मात्र सिलिंडरच्या दाबाकडे लक्ष ठेवून वेळेचा हिशेब करावा लागतो. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी मास्क नीट तपासायचा तो याचसाठी.

१९ डिसेंबर २०१० ला व्हिएन्नाहून कोलोनला येणाऱ्या जर्मनविंग्जच्या ए३१९ मध्ये अॅप्रोचवर असतानाच दोन्ही वैमानिकांना विचित्र वास आला आणि अस्वस्थ वाटू लागलं. त्यांनी मास्क चढवले आणि विमान सुखरूप उतरवलं. तुमच्याच जातीचं विमान, उड्डाणाचा जवळपास तोच टप्पा.

कॅप्टनच्या बाबतीत तुमच्या मनात ज्येष्ठतेचा दबाव आहे. आपल्या घरांत मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे लहानपणापासून अंगी मुरवलेलं असतं, ते कॉकपिटच्या दारात उतरवून ठेवता येत नाही. म्हणून वाद न घालता आवाज चढवत नेण्याच्या पायऱ्या पाठ ठेवा. आधी माहिती : “वास येतोय.” मग काळजी : “सर, हा तेलाचा वाटतोय, मला डोकं जड वाटतंय.” मग ठाम सूचना : “सर, मास्क घाला, चेकलिस्ट घेऊ या.” दोनदा बोलून नीट उत्तर आलं नाही, तर माणूस भानावर नाही असं धरून नियंत्रण घ्यायचं, हे तुम्ही सिम्युलेटरमध्ये शिकला आहात. वासाच्या प्रसंगात त्या नियमाचं महत्त्व वाढतं, कारण ज्या हवेनं तुमचं डोकं जड झालं तीच हवा त्यांच्याही छातीत गेलेली असते. ‘नेहमीचंच आहे’ म्हणणारा माणूस त्या क्षणी किती तल्लख आहे, हे दोघांपैकी कुणालाच सांगता येत नाही.

मास्क टाळण्यामागं आणखी एक कारण असतं, ते सहसा कुणी उघड बोलत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या अॅनेक्स १३ मध्ये गंभीर घटनांच्या उदाहरणांची यादी आहे. वैमानिकांना आपत्कालीन ऑक्सिजन वापरावा लागणं, हे तिच्यात येतं. त्यामुळे मास्क घातला की कागदपत्रं, चौकशी, उशीर, हे ओघानं आलंच असं वाटून हात आखडतो. पण त्या यादीचा हेतू माहिती गोळा व्हावी हा आहे. हात आखडला की सील गळतच राहतं आणि पुढच्या खेपेला त्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसलेलं असतं. वासांच्या घटनांचं प्रशिक्षण आणि नोंदी कशा व्हाव्यात, यासाठी याच संघटनेनं २०१५ मध्ये परिपत्रक ३४४ काढलं. ते एकदा जरूर वाचा, वासाचं वर्णन कसं करायचं याचीही मदत त्यात आहे.

तेव्हा तुमचा तिसरा प्रश्न. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. टेक लॉगमधली नोंद ही कॅप्टनची जबाबदारी असते. कंपनीच्या सुरक्षा विभागाकडे स्वतःचा अहवाल देणं मात्र तुमच्या हातात आहे, तो गोपनीय ठेवण्याची विनंतीही करता येते. डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) ऐच्छिक अहवालाचा मार्गही आहे. अहवालात कॅप्टनचं वागणं हा विषयच करू नका. विमानाचं रजिस्ट्रेशन, तारीख, उंची, थ्रस्ट कमी केल्याची वेळ, दोन्ही पॅक आणि ब्लीड कशा स्थितीत होत्या, एपीयू चालू होतं की बंद, वास कशासारखा, किती वेळ, आणखी कुणाला आला, कुठली लक्षणं कधी सुरू झाली आणि कधी थांबली, एवढं लिहा. ‘विचित्र वास’ एवढंच लिहिलेल्या नोंदीचा उपयोग होत नाही. जमिनीवर तपासणी होते तेव्हा वास बहुधा येत नाही आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो. ‘टॉप ऑफ डिसेंटला (खाली यायला सुरुवात करताना), आयडलवर, एपीयू बंद’ असं लिहिलंत तर अभियंता एकेक इंजिनाची ब्लीड एकेका पॅकला देऊन, थ्रस्ट बदलत रन-अप (जमिनीवर इंजिन चालवून चाचणी) घेऊ शकतो, गेल्या काही आठवड्यांतला तेलाचा खप पाहू शकतो, कॉम्प्रेसरमध्ये बोअरस्कोप (नळीसारखा बारीक कॅमेरा) घालून तेलाचे डाग शोधू शकतो. गळती सापडली तर सील दुरुस्त करूनही भागत नाही, डक्ट आणि पॅकमध्ये साठलेलं तेल काढावं लागतं, नाहीतर वास परत येतो.

शरीराबद्दल. आता तुमच्या रक्ताच्या तपासणीतून त्या दिवसाचं काही हाती लागणार नाही. कार्बन मोनॉक्साइडचं रक्तातलं प्रमाण साध्या हवेत साधारण ४ ते ५ तासांत निम्मं होतं, म्हणून पुन्हा असा प्रसंग आला तर विमानतळावरूनच थेट मोठ्या हॉस्पिटलात जा आणि कार्बॉक्सिहिमोग्लोबिनची तपासणी मागा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, कार्बन मोनॉक्साइड असतानाही तो ९८ टक्के दाखवू शकतो. इंजिनाच्या तेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट हे मज्जासंस्थेला घातक ठरू शकणारं रसायन असतं. विमानात येणाऱ्या मात्रेचे दूरगामी परिणाम काय, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून एकमत नाही. एका प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशी बरं वाटलं, एवढ्यावरून आयुष्यभराची धास्ती घ्यायचं कारण नाही. पण डोकेदुखी, मुंग्या, विसरभोळेपणा, धाप यांपैकी काही रेंगाळत असेल तर उड्डाणाआधी कंपनीच्या डॉक्टरांना सांगणं तुमचं कर्तव्य आहे. तब्येतीबद्दल शंका असताना लायसन्स वापरायचं नसतं.

बारामतीला किंवा इतरत्र सेसना शिकणाऱ्यांसाठी एक आवर्जून : तिथं हीटरची हवा एक्झॉस्टच्या पाइपाभोवतीच्या आवरणातून येते. पाइपाला चीर गेली की धूर आत येतो. एक्झॉस्टचा वास आला तर हीटर बंद, सगळे व्हेंट आणि खिडकी उघडी, आणि लवकरात लवकर खाली.

आईंना काय सांगायचं? नोकरी धोक्याची नाही, असं खोटं सांगू नका. हा प्रसंग हाताळायची पद्धत ठरलेली आहे, मास्क हाताच्या अंतरावर असतो आणि पुढच्या वेळी तुम्ही तो घालणार आहात, हे सांगा. वडिलांची काळजी खरी आहे. कर्जाचे हप्ते तुमच्या पगारावर आहेत आणि पगार तुमच्या तब्येतीवर, क्लास वन मेडिकलवर (वैमानिकाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर) आहे. चार महिन्यांनी त्रास झालाच, तर आज लिहिलेला अहवाल हाच तुमच्याजवळचा पुरावा असेल. गप्प राहिलात तर त्या दिवशी काही घडलं होतं, हे दाखवायला कागदाचा चिटोराही नसेल. हा हिशेब वडिलांसमोर मांडा, त्यांना पटेल.

पुढच्या उड्डाणाच्या ब्रीफिंगमध्ये एवढंच म्हणा : “सर, वास आला तर दोघांनीही आधी मास्क घालू आणि मग चेकलिस्ट घेऊ, चालेल ना?” जमिनीवर, चहा घेताना याला नाही म्हणणारे कॅप्टन फार थोडे. मागच्या वेळचा विषय त्यांनी काढला तर सुरक्षा अहवाल दिला आहे हे सरळ सांगा, त्यांच्या पाठीमागून काही केलंय असं त्यांना वाटायला नको. आणि त्यांनी ब्रीफिंगमध्येच ‘काही गरज नाही’ असं उडवून लावलं, तर ते उड्डाण घेण्याआधी फ्लीटच्या प्रमुखांना फोन करा.